वाकडं गाव, सरळ ठोकळे

खेळण्यातल्या ठोकळ्यांचं गाव कुणीही उभं करतं. पण ते तेराव्या शतकातलं, इंग्लंडमधलं, अस्सल खेडं असावं असा हट्ट धरला की पंचाईत सुरू होते. त्या गावात सरळ असं काही नव्हतंच. लाकडी चौकट, तिच्यात विणलेल्या काटक्या, वरून माती-शेण-पेंढ्याचा गिलावा. चार हिवाळे गेले की भिंत शेजाऱ्याच्या अंगावर रेललेली. आणि माझ्या हातात काय, तर १९५८ साली पेटंट घेतलेला लेगोचा ठोकळा! खुंटीपासून खुंटी नेमकी ८ मिलिमीटरवर. काटकोन हाच ज्याचा धर्म, त्याला वाकायला सांगणं म्हणजे ऑडिटरला लावणी म्हणायला लावण्यासारखं.

तरी मी वाकवली. बिजागरीचे तुकडे घातले, एक टोक मोकळं सोडलं, भिंत झकास कलली. बायकोने येता-जाता ती सरळ केली. मी पुन्हा कलवली, तिने पुन्हा सरळ केली. "पडत होती, नीट करून ठेवली," हे वर उपकाराच्या सुरात.

धुराड्याचं तर विचारूच नका. साध्या शेतकऱ्याच्या घराला तेव्हा धुराडं नसायचं. चूल जमिनीच्या मधोमध आणि धूर छपरातून वाट काढत जायचा. म्हणून मी धुराडं लावलं नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मात्र आधी छपराकडे बघतो आणि हळुवारपणे म्हणतो, "धुराडं राहिलं वाटतं." खिडक्यांना काचा का नाहीत, हे विचारायला तो अजून चहा प्यायचा असतो.

मग प्रमाण. टोपी नसलेला बाहुला साधारण ४ सेंटीमीटर. त्याला साडेपाच फुटी धरला, तर माझं गाव खऱ्याच्या सुमारे बेचाळिसाव्या हिश्शाचं. इथवर ठीक. पण तिकडची शेतं म्हणजे लांबच लांब पट्ट्या, साधारण एक फर्लांग, म्हणजे २०१ मीटर. बैलांची मोठी जोडणी सारखी वळवत बसणं परवडत नसे, म्हणून. बेचाळीसने भागा: जवळपास ४.८ मीटर. एका शेतकऱ्याची एक पट्टी आमच्या हॉलमधून निघून थेट किचनच्या ओट्याखाली जाते. पट्ट्या तर प्रत्येकाच्या कितीतरी, त्याही विखुरलेल्या. घरात निदर्शनं झाली. शेवटी तीन शेतांची पद्धत मदतीला आली. तिच्यात दरवर्षी एक शेत पडीक ठेवत. तेव्हा पॅसेज यंदा पडीक आहे, खुशाल चाला.

चिखलासाठी तपकिरी चपट्या पट्ट्या लागतात, त्याही तीन-चार छटांच्या. त्या डब्याच्या तळाशीच असतात. रात्री घर झोपल्यावर त्या डब्यात हात घालून ढवळलं की होणारा खळखळाट ऐकून एकदा शेजारचे काका दारात येऊन उभे राहिले. मी नुसता एक पाणथळ रस्ता शोधत होतो.

आता माझी लेक. तिने बाजारात भोपळे आणि कणसं मांडली.

"अगं, ही दोन्ही अमेरिकेतली. १४९२च्या आधी तिकडे कुणी पाहिलीही नव्हती."

"मग कोलंबसला थोडं लवकर बोलवू ना."

भोपळे गेले. गुलाबी डुक्कर मात्र राहिलं. खरी डुकरं केसाळ, काळपट असायची, पण तेवढ्यासाठी डोळ्यांत पाणी आणणं मला जमलं नाही. मग ती ड्रॅगन घेऊन आली. मी ठाम नकार दिला. अस्सल गावात ड्रॅगन चालणार नाही.

"पण बाबा, त्या लोकांना तो खरा वाटायचा ना?"

वाटायचा. चर्चच्या भिंतींवर ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज रंगवून ठेवलेला असायचा. आता बोला! ड्रॅगन सध्या पॅसेजमधल्या पडीक शेतात मुक्कामाला आहे. झगझगीत हिरवा आहे, आणि हा रंग चुकीचा आहे असं म्हणायला माझ्याकडे एकही पुरावा नाही.