अठरा टक्के भरतो मी, मग तलाठी कुठंय?

काल पुन्हा तलाठी कार्यालयाला कुलूप. या महिन्यातली चौथी चक्कर. समोरचा पानठेलेवाला म्हणे, "काऊन येता भाऊ रोज? साहेबाकडं तीन साजे हायेत, आज तिकडच्या गावाले गेले." साजा म्हणजे एका तलाठ्याकडं असलेली गावं. बाबांना जाऊन आठ महिने झाले, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. फेरफार नाही, म्हणून बँक पीककर्ज देत नाही. मधे तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. आमच्या साज्यात माणूस मात्र आला नाही.

अन् संध्याकाळी टीव्हीवर दोन पक्षांचे दोघे भांडत होते. एकाला कर कमी अन् सरकार लहान पाहिजे, दुसऱ्याला सरकारनं खर्च वाढवायला पाहिजे. माझं डोकंच फिरलं. अरे, तीन साज्यांत मिळून एक माणूस ठेवलाय तुम्ही, अजून किती लहान करता? २०२३ च्या सप्टेंबरात कंत्राटी भरतीचा जीआर निघाला, बोंबाबोंब झाल्यावर ऑक्टोबरात रद्द झाला, अन् तेव्हाही पाप कोणाचं यावरच भांडण. रिकाम्या खुर्चीबद्दल कोणी बोललं नाही.

त्यातला एक म्हणाला, शेतकरी कुठं कर भरतो? माझ्या खिशात त्याच दिवशीचं कृषी केंद्राचं बिल होतं. बोंडअळीचं औषध १,२५० रुपये, सीजीएसटी ११२.५०, एसजीएसटी ११२.५०, एकूण १,४७५. दुकानदार त्यानं भरलेला जीएसटी वळता करून घेतो. मी कोणाकडून घेऊ? कापूस विकताना त्या सव्वादोनशेचा एक पैसा भावात धरत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, बरं केलं. पण रासायनिक औषधावर १८ तसाच. जीएसटी कौन्सिलात सगळ्याच पक्षांच्या राज्यांचे मंत्री बसतात ना?

कर कमी केला तो कुठं, तेही सांगतो. परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये शून्य केलं अन् ती सूट पुढं डिसेंबरअखेरपर्यंत नेली. आमची वेचणी नेमकी त्याच दिवसांत! मध्यम धाग्याच्या कापसाला तेव्हा सरकारी हमीभाव क्विंटलला ७,७१० होता, अन् दारात आलेला खेडा खरेदीवाला साडेसहा हजारावर हलायला तयार नाही. घरात कापूस ठेवायला जागा नव्हती, दिला.

२०२४ च्या निवडणुकीत एक म्हणे लाडकीला २,१०० देऊ, दुसरा म्हणे आम्ही ३,००० देऊ. कर्जमाफी दोघांच्याही जाहीरनाम्यात. बायकोच्या खात्यात १,५०० येतात, पोरीच्या वह्या-पुस्तकांना लागतात, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पैसा आणणार कुठून, हे दोघांपैकी एकानंही आमच्या गावच्या सभेत सांगितलं नाही. मी हात वर करून विचारलं होतं. माईकवाल्यानं माईक दुसरीकडं नेला.

सोमवारी पाचवी चक्कर आहे. पऱ्हाटीत निंदण राहिलंय, ते टाकून जावं लागेल.