चादर, खाट, मेणबत्ती आणि शून्याचा खेळ

परवा एका मित्राशी बोलता बोलता वाजलं. विषय अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे बाहेरून पाडलेल्या भावाने येणाऱ्या मालावर लावलेला जादा आयात कर. त्याचं म्हणणं सरळ होतं: "बाहेरचे लोक भंगार माल आणून ओततात, त्यावर सरकारने कर लावला तर तुझ्या पोटात का दुखतं?" घरी आल्यावर लक्षात आलं की आमचं अर्धं भांडण नुसतं शब्दावरून होतं. डंपिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कचरा डेपोच येतो. पण व्यापाराच्या कायद्यात त्या शब्दाचा मालाच्या दर्जाशी काडीचाही संबंध नाही. एक नंबर मालाचंही डंपिंग होतं. तोट्यात विकायलाच हवं असंही नाही. कारखानदार एखादी वस्तू स्वतःच्या देशात 100 ला विकतो आणि तीच बाहेर 80 ला देतो, तर ते डंपिंग. फरक 20 चा, तो निर्यातीच्या 80 वर मोजायचा, म्हणजे 25 टक्के. झाली ड्युटीची कमाल मर्यादा.

अर्थात नुसतं स्वस्त विकलं म्हणून कर बसत नाही. आयात करणाऱ्या देशातल्या उद्योगाला त्याची झळ बसली हे दाखवावं लागतं, आणि ती त्या आयातीमुळेच बसली हेही. हा कायदा काही आजचा नाही. पहिला कॅनडाने 1904 मध्ये केला. पुढे 1947 च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात त्यासाठी सहावं कलम आलं आणि 1995 पासून जागतिक व्यापार संघटनेचा यावर स्वतंत्र करार आहे. फरक 2 टक्क्यांपेक्षा कमी निघाला तर प्रकरण बंद. पाच वर्षांनी फेरतपासणी करून गरज उरलेली नसेल तर ड्युटी काढायची. कागदावर सगळं चोख आहे.

आधीच सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी देशद्रोही ठरवायला नको. ड्युटी मुळातच नको, असं मी म्हणत नाही. घरचा बाजार परक्यांना बंद ठेवायचा, तिथे चढ्या भावाने नफा कमवायचा आणि त्या जोरावर दुसऱ्याच्या अंगणात भाव पाडायचे, हे घडतं. त्याला आवर घालायला हत्यार हवंच. माझी तक्रार त्या 100 च्या, म्हणजे घरच्या भावाच्या, आकड्याबद्दल आहे. तो ठरवतो कोण आणि कसा, हे बघितलं की चक्रावून जायला होतं.

चादरीचंच उदाहरण घ्या, कारण त्यात मार खाल्ला होता आपण. 1997 मध्ये युरोपीय समुदायाने भारत, पाकिस्तान आणि इजिप्तमधून येणाऱ्या सुती चादरी, अभ्रे, खोळी अशा मालावर ड्युटी लावली. भारत हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत घेऊन गेला आणि तिथे एक मजेशीर गणित उघडं पडलं. समजा दोन प्रकारच्या चादरी आहेत. एक बाहेर 10 ने स्वस्त विकली, दुसरी 10 ने महाग. सरासरी काढली तर डंपिंग शून्य. पण युरोपची पद्धत अशी होती, की स्वस्त विकलेल्या चादरीचे 10 धरायचे आणि महाग विकलेल्या चादरीचे उणे 10 न धरता तिथे शून्य लिहायचं. आता बेरीज करा. डंपिंग सिद्ध! याला झिरोइंग म्हणतात. सहावीतल्या पोराने असं गणित सोडवलं तर मास्तर वहीवर फुली मारतील, पण इथे त्यावर ड्युटी वसूल होत होती.

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. ज्या निर्यातदारांचा माल देशात पुरेसा विकलाच जात नव्हता, त्यांचा 'घरचा भाव' आणायचा कुठून? मग तो बांधून काढतात: उत्पादनखर्च, वरचा खर्च आणि त्यावर 'वाजवी' नफा. हा नफा युरोपने एकाच कंपनीच्या हिशोबावरून घेतला, बॉम्बे डाईंगच्या. तो 18 टक्क्यांच्या वर होता. ज्या कंपनीचं नाव चादरीच्या आधी आठवतं, तिच्या ब्रँडचा नफा बिननावाच्या निर्यातदारांच्या माथी मारला. एवढा नफा धरल्यावर 'घरचा भाव' फुगणारच, आणि तो फुगला की बाहेरचा भाव आपोआप पडेल ठरतो. संघटनेच्या अपिलीय मंडळाने 1 मार्च 2001 च्या निकालात दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या. झिरोइंग बसत नाही, आणि नियमात 'इतर निर्यातदारांची सरासरी' म्हटलंय तर एकट्याच्या आकड्याची सरासरी होत नाही. त्याच वर्षी युरोपने गणित पुन्हा केलं आणि भारतापुरती वसुली थांबवली. मधली साडेतीन-चार वर्षं मात्र गेली ती गेली.

चीनच्या बाबतीत तर आणखी गंमत. अमेरिका चीनला बाजारावर चालणारी अर्थव्यवस्था मानत नाही, त्यामुळे तिथल्या कारखान्याचा खरा खर्च बघतच नाही. दुसऱ्या एखाद्या देशातले भाव उसने घेते. लाकडी बेडरूम फर्निचरवर अमेरिकेने 2005 मध्ये ड्युटी लावली, तेव्हा हा उसना देश होता भारत. म्हणजे चिनी खाटेची 'खरी' किंमत काढायला भारतातले लाकडाचे, खिळ्या-बिजागऱ्यांचे भाव! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. त्या ड्युटीचे दर काही कंपन्यांना एकअंकी टक्के आणि बाकीच्यांना दोनशे टक्क्यांच्या आसपास होते. मग कारखानदारांनी काय केलं? बरेच जण उठून व्हिएतनामला गेले. खाट तीच, पत्ता नवा.

वॉशिंग मशिनचंही तेच झालं. 2013 मध्ये कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या मशिनांवर अमेरिकेत ड्युटी बसली, तेव्हा उत्पादन चीनला सरकलं. चीनवर 2017 मध्ये बसली, तोवर ते थायलंड-व्हिएतनामला पोचलं होतं. शेवटी 2018 मध्ये एका देशापुरतं न बघता जवळपास सगळ्यांवरच सेफगार्ड शुल्क लावलं (ते वेगळं हत्यार, डंपिंग सिद्ध करायची गरज नाही), आणि तेव्हा मात्र भाव चढले. अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला: मशिनं सुमारे 12 टक्क्यांनी महागली. ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी तेही तेवढेच महागले, कारण लोक जोडी घेतात आणि दुकानदाराला ते माहीत असतं. सॅमसंग आणि एलजीने अमेरिकेत कारखाने काढले, हे मान्य करायला हवं. पण वाढलेल्या भावातून ग्राहकाने जे मोजलं ते नव्या नोकऱ्यांवर वाटलं, तर दर नोकरीमागे वर्षाला 8 लाख डॉलरच्या वर खर्च पडला. एवढ्यात त्या कामगाराला घरी बसवून पगार दिला असता तरी पैसे उरले असते!

मेणबत्तीचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिनी मेणबत्त्यांवर अमेरिकेत 1986 पासून 54.21 टक्के ड्युटी होती, 2004 मध्ये ती 108.30 टक्क्यांवर गेली. मध्ये 2000 साली तिथे एक कायदा झाला होता, की वसूल झालेली ड्युटी तक्रार करणाऱ्या उद्योगांनाच वाटायची. म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर कर बसणार आणि तो वर आपल्याच खिशात येणार. तक्रार न करणाराच मूर्ख! मेणबत्तीवाल्यांना यातून कोट्यवधी डॉलर मिळाले. जागतिक व्यापार संघटनेने 2003 मध्ये हे नियमात बसत नाही म्हणून सांगितलं, अमेरिकेने 2006 मध्ये कायदा रद्द केला.

आता माझ्या मित्राच्या पोटदुखीच्या प्रश्नाकडे येतो. पोलादावर ड्युटी लागली की पोलाद विकत घेणारे कारखाने वकील लावून भांडतात. चादर, खाट, इस्त्रीचं टेबल यांचं तसं नाही. ते विकत घेणारे कोट्यवधी, प्रत्येकाचं नुकसान थोडंथोडकं, आणि सुनावणी कधी झाली याचा कुणाला पत्ता नसतो. तक्रार करणारे मात्र मोजके आणि एकजुटीचे. जागतिक व्यापार संघटनेच्या त्या करारात 6.12 नावाचं एक छोटं कलम आहे: जी वस्तू किरकोळ दुकानात सर्रास विकली जाते, तिच्या बाबतीत ग्राहक संघटनांना माहिती द्यायची संधी द्यावी. बस्स, संधी. त्यांनी सांगितलेलं वजनात धरलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. युरोपात निदान 'संघाचं हित' म्हणून एक वेगळी पायरी आहे, आयातदार आणि ग्राहकांचं हित तिथे तपासावं लागतं. सगळीकडे तशी सक्ती नाही.

तपासणीच्या त्या जाडजूड निकालात घरच्या उद्योगाचा घटलेला नफा, कमी झालेली विक्री, बंद पडलेली यंत्रं, सगळं दशांशापर्यंत दिलेलं असतं. त्यातच एक रकाना वाढवा. ही ड्युटी लागली तर एका घराला वर्षाला किती जास्त मोजावे लागतील, तो आकडा लिहा आणि मग खुशाल ड्युटी लावा. आकडा वाचून मीसुद्धा कदाचित हो म्हणेन.

मित्राला टॅग करत नाहीये. तो वाचतोच.