परदेशातून : किल्ट खुपतो, लग्न खुपत नाही

मध्ययुगीन स्कॉटलंडवरची प्रणयकादंबरी आली, की इथल्या जाणत्या वाचकांची पहिली तक्रार ठरलेली असते: 1300 सालचा नायक किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा लोकरी घागरा, घालतोच कसा? तक्रार रास्त आहे. अंगाभोवती गुंडाळून पट्ट्याने आवळायचं मोठं प्लेड, म्हणजे लोकरीचं लांब वस्त्र, सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतं. आजचा छोटा किल्ट अठराव्या शतकातला. कुळागणिक ठरलेलं टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचं कापड, तर एकोणिसाव्या शतकात रुळलं. 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, तेव्हाच्या थाटामाटाने त्याला जोर मिळाला. व्हिस्कीचंही तसंच. तिचा पहिला सरकारी उल्लेख 1494 चा, राजाच्या खजिन्याच्या हिशेबात. दुसऱ्या बाजूचे वाचक म्हणतात, ही प्रेमकथा आहे, प्रबंध नव्हे. कपडे कसले मोजता?

आपल्याकडे वाद पेटतो तो वेगळ्या जागी. 2025 च्या जानेवारीत संभाजी महाराजांवरच्या हिंदी चित्रपटातलं लेझमाचं दृश्य आक्षेपांनंतर काढावं लागलं. तिथे मुख्य प्रश्न मर्यादेचा होता: महाराजांना असं दाखवावं का? त्या रागामागची माया खरी आहे आणि तिचा मला आदर वाटतो. इथे इंग्रजांशी लढलेला स्कॉटलंडचा वीर विल्यम वॉलेस याच्याबद्दल काहीही दाखवलं तरी फारसं कुणी हलत नाही, आणि त्या ढिलाईची किंमत म्हणजे खोटा किल्टच जगभर खरा ठरला आहे. तरीही दोन्हीकडचे वाचक एका जागी सारखेच चुकतात असं मला वाटतं. डोळ्यांना दिसतं त्यावर आपण भांडतो आणि कथा ज्या खुंटीवर टांगलेली असते ती तपासायची राहून जाते.

या कादंबऱ्यांची खुंटी म्हणजे ‘हँडफास्टिंग’. हात हातात घ्यायचे, एक वर्ष आणि एक दिवस एकत्र राहायचं, नाही पटलं तर मोकळं व्हायचं. कितीतरी कथानकं यावर उभी आहेत आणि वाचक तिला निमूट मान्यता देतात. मुळात हँडफास्टिंग म्हणजे वाङ्‌निश्चय. वर्षभराच्या अजमावणीच्या कल्पनेला लोकप्रियता मिळाली ती वॉल्टर स्कॉटच्या 1820 च्या कादंबरीमुळे. बेटांवरच्या कुळप्रमुखांसाठी केलेल्या आयोनाच्या 1609 च्या नियमांत ठरावीक वर्षांपुरत्या लग्नांना बंदी आहे, म्हणजे पश्चिमेच्या बेटांवर तसं काही चालत असावं. पण तेराव्या शतकातल्या सगळ्या स्कॉटलंडला तो रिवाज चिकटवता येत नाही.

चर्चचा खरा कायदा याहून कितीतरी नाट्यमय होता. सगळं काळावर, म्हणजे व्याकरणातल्या काळावर अवलंबून. ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’ असं वर्तमानकाळात दोघांनी म्हटलं, की लग्न झालं. पाद्री नको, साक्षीदार नको. ‘स्वीकारीन’ असं भविष्यकाळात म्हटलं तर ते नुसतं वचन, पण त्यानंतर शरीरसंबंध आला की त्याचंही लग्न होई. रोममध्ये भरलेल्या चर्चच्या 1215 च्या लॅटरन परिषदेने लग्नाची आधी जाहीर घोषणा सक्तीची केली, तरी घोषणेविना झालेलं लग्न रद्द ठरत नसे. गाडी अडायची ती पुराव्यापाशी. कोठारामागे दोघांतच बोललेलं वाक्य एकाने नाकारलं, तर दुसऱ्याच्या हाती काय उरणार? आणि मोकळं व्हायचं तर वर्ष मोजून भागत नसे. चौथ्या पायरीपर्यंतचं नातं, म्हणजे चार पिढ्यांच्या आत समान पूर्वज, असा एखादा अडसर निघाला तर लग्न मुळातून अवैध. सरदार घराणी एकमेकांत इतकी गुंतलेली, की पोपची सूट मिळवणं हे नेहमीचं काम होतं. तोंडी संमतीची ही लग्नं स्कॉटलंडमध्ये 1 जुलै 1940 पर्यंत वैध होती! हे सगळं समोर असताना लेखिका वर्ष-दिवसाच्या करारावर समाधान मानते, याची मला खरोखर हळहळ वाटते.

‘नायिका फारच आजच्या काळातली वाटते’ ही तक्रार मात्र मला अजिबात पटत नाही. बकनची काउंटेस इझाबेल हिचा नवरा स्कॉटलंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या रॉबर्ट ब्रूसच्या शत्रुपक्षात. तरी राज्याभिषेकाचा माहेरच्या मॅकडफ घराण्याचा हक्क बजावत तिने मार्च 1306 मध्ये स्कोन इथे ब्रूसला मुकुट घातला. इंग्रजांकडून पकडली गेल्यावर तिला बेरिकच्या किल्ल्यात पिंजऱ्यात ठेवलं, सुमारे चार वर्षं. 1338 मध्ये ॲग्नेस रँडॉल्फने डनबारचा किल्ला पाच महिने लढवला. इंग्रजांनी डागलेल्या दगडांची धूळ तिच्या दासी तटावरून रुमालाने झटकत, असं सांगतात.

आपल्याकडे तपासणीची रीत आहेच. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे, शिवचरित्रावरच्या कादंबरीपुढे पुराव्यांचे प्रश्न कोणते, हे तिथे कादंबरीच्याच दाराशी मांडलेलं आहे. इकडे बऱ्याच लेखिका शेवटी टीप जोडतात, पण तिथे बहुधा लढायांच्या तारखा दिलेल्या असतात, लग्नाचा कायदा नसतो. अभिप्राय लिहिणाऱ्याने तिथे बोट ठेवावं: कथानक ज्या रिवाजावर वळतं तो रिवाज त्या काळचा आहे का? किल्टऐवजी सदरा आणि लोकरीची घोंगडी लिहिली की पान दुरुस्त होतं. लग्नाची अट बदलली, तर अर्धं पुस्तक नव्याने लिहावं लागतं.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडचं बेरिक शहर लुटलं ते 1296 साल. त्याच वर्षी अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला आणि ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली. त्या देवगिरीवर उद्या कुणी प्रेमकथा लिहिली, तर स्वयंपाकघरातला मिरचीचा ठेचा खोडून तिथे मिरी लिहिता येईल, कारण मिरची पोर्तुगिजांबरोबर आली. नायिकेचं लग्न कुणी ठरवलं, कशाने ते मोडू शकत होतं आणि मोडल्यावर तिचं स्त्रीधन कुणाकडे जाई, हे मात्र लेखकाने पहिलं पान लिहिण्याआधी शोधायला हवं.