खुलासा: सोडलेलं वजन स्प्रिंगला किती ताणतं?

बारावी-सीईटीच्या ग्रुपांवर एक शॉर्टकट फिरतोय: उभ्या स्प्रिंगला वजन अडकवून सोडलं की ती जास्तीत जास्त 'एमजी भागिले के' (एम म्हणजे वस्तुमान, जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण, के म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा) इतकी ताणली जाते. हे चूक आहे. तिथे बलं समतोल होतात, पण वजन थांबलेलं नसतं.

१ किलो वजन, १०० न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग आणि जी १० धरा. शॉर्टकटचं उत्तर १० सेंमी येतं. तितकं खाली आल्यावर गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा १ ज्यूलने घटते, स्प्रिंगमध्ये मात्र अर्धाच ज्यूल साठतो. उरलेला अर्धा गतिज ऊर्जेत, म्हणजे वेग सेकंदाला चक्क १ मीटर! वजन क्षणभर थांबतं ते २० सेंमीवर: २ ज्यूल घटले, २ साठले.

हाताने धरून हळूहळू खाली आणलं तर १० सेंमी बरोबर, कारण जादाची ऊर्जा हात काढून घेतो. गोंधळ बहुधा इथलाच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हे गणित त्याच ग्रुपवर टाका.