पोप म्हणेल ती पूर्व दिशा? नाही हो, काका

रविवारी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून सदरच्या सेंट फ्रान्सिस दी सेल्स कॅथेड्रलच्या फाटकातून गाडी काढत होतो, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी टाकलेला. पाच मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बाण. पोप कधीच चुकत नाही असं ख्रिश्चनांना मानावंच लागतं. पाप करा, चर्चला पैसे द्या, माफी मिळवा. प्रश्न विचारला की हकालपट्टी. चर्चचा कायदा देशाच्या कायद्याच्या वर. आणि शेवटचा: शुक्रवारी काय खायचं हेही ज्यांना दुसरा सांगतो, त्यांनी मेंदू गहाण टाकलेला असतो.

काकांचा माझ्यावर काही राग नाही. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब दरवर्षी आम्ही दोघंच जुळवतो. म्हणून ग्रुपवर वाद घालत न बसता हे सविस्तर लिहितोय.

पहिल्या मुद्द्यातला 'ख्रिश्चन' हा शब्दच आधी दुरुस्त करा. त्याच सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चचं. तिथली माणसं माझ्याइतकीच ख्रिस्ती आहेत आणि पोपचा अधिकार मानत नाहीत. पोपचा प्रश्न आम्हा कॅथलिकांपुरता. आता 'कधीच चुकत नाही'. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं जे ठरवलं ते इतकंच, की पोप आपल्या पदाच्या पूर्ण अधिकारानं, श्रद्धा किंवा नीतीबद्दलची एखादी शिकवण सगळ्या चर्चवर बंधनकारक म्हणून जाहीर करतो, तेव्हा ती घोषणा चुकीपासून राखली जाते. त्यानंतर अशी घोषणा झाली एकदा, १ नोव्हेंबर १९५० रोजी, येशूची आई मरिया हिच्या सदेह स्वर्गारोहणाबद्दल. दीडशे वर्षांत एकदा! बाकी पोपचं रविवारचं प्रवचन, विमानात पत्रकारांना दिलेलं उत्तर, राजकारणावरचं मत यांतलं काही त्या खात्यात जमा होत नाही. चर्चचा कायदाच सांगतो, की एखादी शिकवण तशी असल्याचं उघड सिद्ध झाल्याशिवाय तशी धरायची नाही. संततिनियमनावरचं पोपचं १९६८ चं गाजलेलं पत्रसुद्धा त्या पद्धतीनं जाहीर केलेलं नव्हतं. त्याला वजन आहे, पण ते निराळं. घटनापीठाचा निकाल वेगळा आणि न्यायमूर्तींचं सत्काराचं भाषण वेगळं, हे कोर्टात चपला झिजवलेल्या काकांना मी काय सांगावं!

नियमांचंही तसंच, सगळे एका तागडीत नसतात. माझी आजी लहान असताना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. नागपूरचा मे महिना, त्यात चालत चर्चला जायचं. ती सांगायची, जीभ टाळूला चिकटायची. १९५३ मध्ये पाण्याची मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला, १९६४ मध्ये एका तासावर. आज आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना तोही नाही, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही नाही. नियम चर्चनं केला, चर्चनंच सैल केला. धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याचंही तेच. युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये लग्न झालेले पुरुष धर्मगुरू होतात, तेही याच पोपच्या अधिकाराखाली. ख्रिस्त मेलेल्यातून उठला, ही शिकवण मात्र कुठल्याही पोपला बदलता येत नाही. काय बदलतं आणि काय नाही, हा फरक आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांनाही शिकवतात.

पैशांचं म्हणाल तर पापनिवेदनाला, म्हणजे कन्फेशनला, फी नसते. कधीच नसते. हा आरोप आला सोळाव्या शतकातून. तेव्हा दंडमाफीच्या, म्हणजे पापाबद्दलची शिक्षा माफ करण्याच्या, नावाखाली खरोखर पैसा उकळला गेला, त्यावर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर उसळला, तो बरोबरच उसळला. दंडमाफीला पैशाची अट घालणं १५६७ मध्ये पोप पाचव्या पायसनं रद्द केलं. मिस्सासाठी लोक ऐपतीप्रमाणे काही देतात ते खरं, पण नडलेल्याला पैशाअभावी संस्कार नाकारायचा नाही, असा नियम आहे. माझाच अनुभव सांगतो. घरच्या प्लॉटवरून मी बहिणीशी खोटं बोललो होतो. लाकडी जाळीपलीकडच्या फादरांना ते सांगितलं. वाटलं, दोन प्रार्थना सांगतील आणि सोडतील. ते म्हणाले, "प्रार्थना मागून म्हण. आधी बहिणीला फोन लाव." पाचशे रुपयांत सुटलो असतो तर बरं झालं असतं! ती सहा महिने बोलली नाही. मी हे स्वतः सांगू शकतो. फादरांनी कुणाजवळ उघड केलं असतं, तर ते त्या क्षणी बहिष्कृत झाले असते.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र खरं आहे, आणि ते मी झाकणार नाही. फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्क या तरुणीला १४३१ मध्ये चर्चच्याच न्यायालयानं दोषी ठरवलं आणि तिला जिवंत जाळलं. १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला, १९२० मध्ये त्याच चर्चनं तिला संत म्हणून जाहीर केलं. आपल्या हयातीतलं बोलायचं तर मुलांवरचे लैंगिक अत्याचार देशोदेशी दडपले गेले, आणि दडपताना आज्ञापालनाचंच नाव पुढे केलं गेलं. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि धर्मभगिनींवर अशा तक्रारी वर कळवण्याचं बंधन घातलं. उशीर झाला होता. पण प्रश्न विचारला म्हणून हकालपट्टी? चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम २१२ आहे. त्याप्रमाणे जाणत्या श्रद्धावंताला आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क आहे, कधी कधी ते कर्तव्यही आहे. बहिष्कार ठरावीक गुन्ह्यांसाठी असतो आणि तो माणूस परत यावा म्हणून असतो. सेमिनरी हिल्सवर फिरायला अख्खं नागपूर जातं, पण नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं तिच्या आत काय चालतं हे कुणी विचारत नाही. धर्मगुरू व्हायचं तर तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं अभ्यास लागतो. प्रश्न न विचारता सहा वर्षं काढणं अवघडच.

देशाच्या कायद्याचा मुद्दा दोन ओळींत मिटतो. चर्चच्या न्यायाधिकरणानं विवाह अवैध ठरवला म्हणून कायद्यानं घटस्फोट होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे १९९६ मध्ये सांगितलं आणि २०१७ मध्ये पुन्हा. माझ्या नात्यातल्या एकीनं दोन्हीकडे खेटे घातले, कुटुंब न्यायालयातही आणि चर्चच्या कार्यालयातही. वर असण्याचा प्रश्नच नाही, दोन खिडक्या आहेत. आणि चर्चचे स्वतःचे नियम फक्त कॅथलिकांना लागू. काकांना नाहीत.

राहिला शुक्रवार. उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतल्या, एका शुक्रवारी ऑफिसातली पोरं सावजीत घेऊन गेली. तर्री तरंगतेय, मटणाच्या वासानं डोकं फिरलेलं, आणि मी अंडाकरी मागवली. शेजारचा म्हणाला, "काहून बे, पोप येऊन राहिला का पाहायला?" नाही येत. शुक्रवारी मांस नाही हा नियम चौदा वर्षांवरच्यांना आहे, अंडी-मासे चालतात, देशोदेशीच्या बिशपांना त्यात बदल करता येतो, आणि कारण असेल तर आमचे फादरही सूट देऊ शकतात. मी कधी मागितली नाही. मटण वाईट असतं म्हणून मी सोडत नाही. शनिवारी तिथेच बसून चापतो. पण ख्रिस्ताच्या मरणाची आठवण ठेवायची वेळ माझ्यावर सोडली, तर माझा शुक्रवार कधी उजाडणारच नाही. आज डबा पार्टी, उद्या पाहुणे. त्याच दिवशी आजीनं सोडलं होतं, आज मनिलातला कुणी रिक्षावाला सोडत असेल. त्या सगळ्यांच्या पंगतीत बसायचं तर वेळ मी ठरवून चालत नाही. ख्रिस्तानं आपला शिष्य पेत्र याला स्वर्गराज्याच्या किल्ल्या दिल्याचं बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, चर्च आपला अधिकार तिथून सांगतं. ते पटणं न पटणं ज्याचं त्याचं. मला पटतं. आणि चर्चचाच धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो, की सद्सद्विवेकबुद्धीनं ठाम कौल दिला असेल तर माणसानं तो पाळलाच पाहिजे. मात्र ती बुद्धी आधी घडवावी लागते. अंडाकरीपुरती माझी बुद्धी अजून बंड करून उठलेली नाही.

ग्रुपवर हे सगळं टाकलं नाही. काकांना जिन्यात गाठलं, अर्धं सांगून झालं तेव्हा ते म्हणाले, "मला बी भाच्यानं पाठवलं होतं, म्या पुरतं वाचलंच नव्हतं." मग वर्गणीच्या वहीतले दोनशे रुपये कुठे गेले, यावर आमचं बराच वेळ वाजलं.