डेलिरियमची खात्रीची रक्तचाचणी अजून नाही

"आयसीयूत पेशंट बरळायला लागला तर एस-१००बी ही रक्तचाचणी मागा, डेलिरियम लगेच कळतो. शांत पडलेल्याची काळजी नको. बरळणाऱ्याला झोपेचं इंजेक्शन द्या, घरी आला की सगळं पूर्ववत." हा मेसेज खूप फिरतोय, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

डेलिरियम म्हणजे आजारपणात अचानक होणारा मेंदूचा गोंधळ: लक्ष टिकत नाही, माणूस बरळतो किंवा निपचित पडून राहतो. आधी चाचणी. एस-१००बी हे मेंदूतल्या आधारपेशींमधलं प्रथिन. डेलिरियम झालेल्यांमध्ये ते सरासरीने जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, हे खरं. पण ते चरबीत आणि कूर्चेतही असतं. हाड मोडलं तरी रक्तात वाढतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, आयएल-६ हे दाह दाखवणारं प्रथिन चढतं, मग डेलिरियम असो वा नसो. न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन मज्जातंतूंची इजा दाखवतं, पण वय वाढलं किंवा किडनी थकली तरी तेही वाढतं. गटांच्या सरासरीत फरक दिसला म्हणून समोरच्या कॉटवरच्या माणसाचं निदान होत नाही. खात्रीच्या मार्करचा, म्हणजे आजार दाखवणाऱ्या रक्तातल्या खुणेचा, शोध मात्र चालू राहायलाच हवा. संसर्ग, औषधं, ऑक्सिजनची कमतरता, अचानक सुटलेली दारू, अशी कारणं अनेक आणि चित्र सारखंच. मार्करने ही कारणं वेगळी करून दिली तर मोठं काम होईल.

आज निदान होतं ते कॉटजवळ. कॅम-आयसीयू ही पद्धत २००१ पासून व्हेंटिलेटरवरच्या, बोलू न शकणाऱ्या पेशंटसाठीही वापरतात. सिस्टर पेशंटचा हात हातात घेऊन दहा इंग्रजी अक्षरं सावकाश म्हणतात. 'ए' ऐकला की त्याने हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या की लक्ष टिकत नाही असं धरतात. गरज पडली तर 'दगड पाण्यावर तरंगतो का?' असे मानेने उत्तर देता येतील असे प्रश्न. काही मिनिटांचं काम.

शांत पडलेल्याची काळजी नको? उलट, निपचित डेलिरियमच जास्त आढळतो आणि तोच नजरेतून सुटतो.

मिडाझोलामसारखी झोपेची इंजेक्शनं डेलिरियमचा धोका वाढवतात. दारू सुटल्याने झालेला डेलिरियम हा अपवाद. हॅलोपेरिडॉल या मनोविकारांवरच्या औषधानेही काम भागत नाही: अमेरिकेतल्या माइंड-यूएसए चाचणीत (२०१८, ५६६ पेशंट) डेलिरियमचे दिवस प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या डोसपेक्षा) कमी झाले नाहीत.

आणि 'घरी आला की पूर्ववत' हे तर साफ चूक. २०१३ च्या ब्रेन-आयसीयू अभ्यासात ८२१ पैकी ७४ टक्के पेशंटना डेलिरियम झाला. तो जितका लांबला, तितकी वर्षभरानंतरची आकलनशक्ती कमी दिसली. म्हणून भेटायला जाताना चष्मा आणि कानाचं यंत्र न्या, वार-तारीख सांगा. 'बाबा आज वेगळेच वाटतायत' असं जाणवलं तर सिस्टरना तेव्हाच सांगा. ते एरवी कसे असतात हे तिथे फक्त तुम्हालाच माहीत असतं.