हलणारा दात म्हणजे मेलेली नस नव्हे

'दात हलायला लागला की आतली नस मेलेलीच असते, रूट कॅनाल करून टाका' हे दातांवरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. पायरियात, म्हणजे हिरड्यांच्या जुनाट आजारात, दाताभोवतीचं हाड झिजून दात हलतो, पण नसेला रक्त मिळतं ते मुख्यतः मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून. जंतू तिथपर्यंत पोचत नाहीत तोवर नस बहुधा जिवंत राहते. बदल होतात ते सावकाश: आत तंतू वाढतात, चुन्याचे खडे जमतात, नसेची पोकळी अरुंद होते. म्हणून एक्स-रेत मुळातली नसेची नळी बारीक दिसली एवढ्यावर नस गेली असं ठरवू नये. आधी थंड चाचणी, म्हणजे दाताला गार लावून जाणवतं का ते पाहणं, तीही शेजारच्या निरोगी दाताशी ताडून.

मार लागून हललेल्या दाताचं गणित वेगळं. तिथे टोकाशीच रक्तवाहिनी ताणली किंवा तुटली जाऊ शकते. तरी चाचणीला पहिले ३ महिने प्रतिसाद आला नाही, तर तेवढ्यावरून निर्णय नको. हिरडीवर पुळी, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली असं दुसरं लक्षणही हवं. ८-९ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दाताच्या मुळाचं टोक अजून उघडं असतं, तिथे नस सावरण्याची शक्यता बरीच जास्त. त्यात घाईने ड्रिल घातलं की मुळाची वाढच खुंटते.